कडब्याच्या रंगाचं पाखरू

भाद्रपदाच्या अमावस्येला दोन दिवस उरले होते. घोगावच्या शिवारात, ऊस आणि मका यांच्या मधल्या बांधावर आम्ही एक जुनं धोतर दोन काठ्यांना ताणून बांधलं, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर बल्ब लावला आणि पोतं अंथरून बसलो. कृष्णेकडून ओला वारा येत होता. आधी तुडतुडे आले, मग भुंगेरे, आणि तासाभरात धोतरावर पाखरांची दाटी झाली. पतंग हा पुस्तकातला शब्द. पलूस तालुक्यात सगळे पाखरूच म्हणतात, दिव्यावरचं पाखरू.

शेत अण्णांचं. माझ्या मावशीच्या सासरचे ते. बारावीतला नातू सोबत होता. अण्णांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "रातभर हीच बघत बसायची व्हय? ह्यात बघण्यासारखं काय हाय?"

मी धोतराच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे कडब्याचा एक बारीक तुकडा चिकटला होता. लांबी फार तर अर्धं बोट. नातवानं काडी जवळ नेली तसा तो तुकडा चार पावलं चालला. भिंग लावून पाहिलं तेव्हा पंख दिसले, अंगालगत कौलासारखे उतरते मिटलेले. रंग वाळलेल्या ज्वारीच्या पानाचा, त्यावर तपकिरी खवल्यांची धूळ पसरलेली, आणि पंखाच्या शेवटच्या कडेला सुईच्या टोकानं टेकवल्यासारखे काळे ठिपके ओळीनं. तोंडापुढे दोन लांब मिशाळ अवयव चोचीसारखे सरळ पुढे आलेले. मागचा पंख क्षणभर उघडला, तो मात्र पांढरा होता. बस्स, एवढंच. चितारायला बसलं तर एका पेन्सिलीत काम होईल.

हा बहुधा चिलो पार्टेलस, ज्वारी आणि मक्यावरच्या खोडकिडीचा पतंग. बहुधा म्हणायचं कारण पुढे सांगतो. पोंगा वाळलेलं ताट अण्णांनी जन्मभर पाहिलंय. वाळलेला पोंगा ओढला की अलगद हातात येतो, बुडाशी कुजकट वास येतो, आणि शेतकरी म्हणतो, पोंगामर लागली. ती करणारी अळीही त्यांनी शेकड्यांनी चिरडलीय. पण त्या अळीचं पाखरू कसं असतं हे सत्तरी ओलांडल्यावर त्या रात्री त्यांनी पहिल्यांदा ओळखून पाहिलं. त्यांना त्याचं वाईट वाटलं. भिंग त्यांनी बराच वेळ परत दिलं नाही.

भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशे-चौदाशेच्या घरात आहेत आणि पतंगांच्या दहा हजारांहून जास्त. महाराष्ट्रानं २०१५ साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला, चांगलंच केलं. पण आपलं पोट ज्यांच्याशी बांधलेलं आहे ते सगळे या दुसऱ्या, मळकट गर्दीतले. त्यांना नाव देणारा माणूस शोभेसाठी बसलेला नसतो. एकासारखा एक दिसणाऱ्या दोन मातकट पाखरांतलं कुठलं आपलं पीक खातं हे ठरवणं त्याच्या हातात असतं. म्हणून त्याच्या कामाची गोष्ट मला नीट सांगायची आहे.

या पाखराचं नाव ठेवलं गेलं १८८५ साली. ठेवणारा होता चार्ल्स स्विन्हो, कलकत्त्यात जन्मलेला, मुंबई फौजेतला अधिकारी. याचा थोरला भाऊ रॉबर्ट चीन आणि फोर्मोसा बेटावरच्या पक्ष्यांच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्या आठांत हा स्विन्हो होता. त्याच आठांत आपले डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हेही होते. ही दोन मराठी नावं मी मुद्दाम लिहितो, कारण निसर्गाचा अभ्यास म्हणजे साहेबांचं काम असा समज आपणच करून घेतला आहे.

दोन वर्षांनी स्विन्होनं लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या वृत्तान्तात मुंबई आणि दख्खनमधल्या फुलपाखरा-पतंगांवर लेखमाला लिहिली. त्यात एका गवत्या रंगाच्या लहान पतंगाला त्यानं क्रॅम्बस पार्टेलस म्हटलं. शेवटचं ते ‘एलस’ सहज आलेलं नाही. लिनियसनं १७५८ साली पतंगांची नावं लावताना गटागटाला वेगळं शेपूट जोडलं होतं, आणि अगदी लहान पतंगांच्या वाट्याला ‘एला’ आलं. पुढच्या लोकांनी ती रीत बरीचशी सांभाळली. आडनावावरून गाव कळावं तसं नावाच्या शेवटावरून जाणकाराला पतंगाचं कूळ साधारण कळतं.

अशा वर्णनात असतं तरी काय? पंखाचा रंग, कडेचे ठिपके, मिशांची ठेवण, पंखांचा पसारा, आणि नमुना कुठला. मोजून काही ओळी. ते पाखरू पेरणी कधी बिघडवतं, कडब्याच्या गंजीत कसं राहतं, याबद्दल अक्षर नाही. पण ज्या नमुन्यावरून वर्णन केलं तो टाचणीला लावून संग्रहालयात ठेवायचा, ही त्यातली खरी गोम आहे. शब्द अपुरे पडले तर शंभर वर्षांनीही पेटी उघडून पाहता येतं. जमिनीचा वाद मिटवायला मोजणीचा जुना दगड सापडावा लागतो. पतंगाच्या बाबतीत तो टाचणीवरचा नमुना हाच हद्दीचा दगड.

हद्दीचे वाद इथेही झालेच. स्विन्होनं त्याच्या आदल्या वर्षी, १८८४ साली, जवळजवळ तसल्याच पतंगाला क्रॅम्बस झोनेलस असं नाव दिलं होतं. पुढे कळलं की दोन्ही एकच. नियमाप्रमाणे आधीचं नाव राहतं, पण झोनेलस हे नाव क्रॅम्बसमधल्या दुसऱ्याच एका पतंगाला त्याच्याही आधी कुणी देऊन बसलं होतं. एका कुळात एकाच नावाचे दोन चालत नाहीत, म्हणून झोनेलस बाद आणि पार्टेलस कायम. तोपर्यंत उशीर झाला होता. शेतकी खात्याच्या पुस्तकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच किडीला चिलो सिम्प्लेक्स म्हटलं, पुढच्या कित्येक वर्षांत चिलो झोनेलस म्हटलं. जुने अहवाल वाचणाऱ्याला तिन्ही नावं ठाऊक नसली तर एकाच किडीवरची मेहनत तीन वेगळ्या कपाटांत पडून राहते.

हा गोंधळ वरवरचा नव्हता. उसातल्या खोडकिडीचा पतंगही अगदी असाच दिसतो. त्याचं नाव चिलो इन्फस्काटेलस. १८९० साली स्नेलेन या डच अभ्यासकानं जावातल्या उसावरच्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. तीच कीड भारतात सापडली तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या हॅम्पसननं १९१९ साली तिला नवी समजून आर्गिरिया स्टिक्टिक्रास्पिस असं दुसरं नाव दिलं. म्हणजे जावाच्या ऊसवाल्यांनी तिच्याविषयी जे शिकून ठेवलं ते आपल्याकडे दुसऱ्या नावाआड गेलं. १९५० साली ए. पी. कपूर यांनी भारतातल्या उसावरचे हे पतंग एकेक करून तपासले आणि कोण कोणाचा हे लावून दिलं. उसावरच्याच कांडी किडीच्या भारतीय उपजातीला ‘इंडिकस’ हे नाव त्यांचंच. हेच कपूर पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. १९७० साली ब्लेशिन्स्की या पोलिश अभ्यासकानं जगभरच्या चिलो जातींची फेरतपासणी छापली. आजची नावं बहुतेक तिथून आलेली आहेत.

आणि हे सगळं ज्या कामावर उभं आहे ते काम मी एकदा जवळून पाहिलं आहे. पतंगाचं पोट हळूच तोडून कॉस्टिकच्या पातळ द्रावणात गरम करतात. मांस विरघळतं, कडक भाग उरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली दोन सुयांनी नराच्या जननेंद्रियांचे भाग सुटे करायचे, खवले मऊ कुंचल्यानं झाडायचे, रंग द्यायचा, काचेवर बसवायचं. वाटाण्याच्या सालीहून लहान वस्तू. श्वास जोरात सोडला तरी उडून जाते. पंखांवरून न कळणारा फरक तिथे लख्ख दिसतो, कारण कुलूप-किल्लीसारखी जातीजातीची ठेवण वेगळी असते. म्हणून बांधावर बसून मी ‘बहुधा’ म्हणालो. पोट उघडल्याशिवाय पैजेवर सांगू नये.

शेतकऱ्याला इतक्या आत जायला नको. अळी पाहिली तरी बरंच कळतं. नातवाला मी विळ्यानं मक्याचं एक किडलेलं ताट उभं चिरायला सांगितलं. आतला गाभा भुशासारखा झालेला, आणि बोगद्यात एक अळी, पिवळट पांढरी, पाठीवर डागांच्या चार लांबट रांगा. डाग असतील तर ही. उसाच्या खोडकिडीच्या अळीला डागांऐवजी जांभळट पाच रेषा असतात. अण्णा म्हणाले, "रेघा मी बघितल्यात. सुरू उसात, मार्च-एप्रिलात. मला वाटायचं तीच ही, वाढल्यावर ठिपके येत असतील."

उसाच्या खोडकिडीवर अण्णा ट्रायकोकार्ड वापरतात. पोस्टकार्डापेक्षा लहान पट्टी, तिच्यावर डिंकानं चिकटवलेली साधारण २०,००० अंडी, उसाच्या पानाच्या खालच्या बाजूला टाचणीनं लावायची. ही अंडी दुसऱ्याच एका पतंगाची. कॉर्सिरा म्हणजे धान्यात जाळी करणारा करडा पतंग, हाही तसाच मळकट. प्रयोगशाळेत त्याला ज्वारीच्या भरड्यावर वाढवतात. त्याच्या अंड्यांत अर्ध्या मिलिमीटरची ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशीच्या कुळातली माशी आपली अंडी घालते. तीन-चार दिवसांत कॉर्सिराची अंडी काळी पडतात, आठवड्यानं त्यातून माश्या निघतात आणि उसावरच्या किडीची अंडी हुडकतात. तिचं पूर्ण नाव ट्रायकोग्रामा चिलोनिस, म्हणजे चिलोची ट्रायकोग्रामा. १९४१ साली इशी या जपानी अभ्यासकानं ते ठेवलं. भारतात मात्र कितीतरी वर्षं तिला भलत्याच नावांनी ओळखत होते. बंगळूरला काम करणाऱ्या एच. नागराज आणि सुधा नागरकट्टी यांनी १९७१च्या सुमारास दाखवून दिलं की या माश्यांतही नराची जननेंद्रियं पाहूनच जात ठरवता येते. अर्ध्या मिलिमीटरच्या माशीचं हे काम त्यांनी कसं केलं असेल या विचारानं मला आजही आदर वाटतो. कार्डावर नेमकी कुठली माशी आहे हे सांगता येणं त्या कामामुळे सोपं झालं.

आता आपल्या ज्वारीच्या पाखराचा प्रवास. १९३०च्या आसपास ते आफ्रिकेत मलावीत सापडलं. कसं पोचलं असेल? हे पाखरू अळीरूपात धसकटात, कडब्यात, वाळल्या ताटात महिनोन्‌महिने न खाता पडून राहतं आणि पाऊस लागला की कोषात जातं, एवढं लक्षात घेतलं की बोटीतून जाणं त्याला अवघड नव्हतं. १९३२ साली लंडनच्या टॅम्सनं आफ्रिकेतल्या नमुन्यावरून ते नवंच समजून वर्णन केलं आणि नाव दिलं ल्युट्युलेन्टॅलिस. लॅटिनमध्ये याचा अर्थ चिखलानं माखलेला. दख्खनचं पाखरू परमुलखात गेलं आणि तिथे त्याला चिखल्या म्हणू लागले. पुढे ते पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेभर पसरलं. केनियाच्या किनाऱ्यावर तर तिथल्या मूळच्या खोडकिडीलाही त्यानं मागे सारलं.

ते आशियातून आलेलं चिलो पार्टेलसच, हे नक्की झालं तेव्हा उपायाची दिशा मिळाली. जिथून कीड आली तिथे तिचा शत्रूही असणार. कोटेशिया फ्लॅव्हिपेस नावाची पिवळ्या पायांची काळी बारीक माशी रावळपिंडीकडून नैरोबीच्या इसीपे या कीटकविज्ञान संस्थेत नेली, वाढवली आणि १९९३ साली केनियाच्या किनाऱ्यावर सोडली. ती तिथे टिकली. त्याच संस्थेत मूळचे भारतीय असलेले झेयाउर खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याभोवती नेपियर गवत आणि मक्याच्या ओळींत डेस्मोडियम लावायची पद्धत बसवली. डेस्मोडियमच्या वासानं पाखरू दूर जातं, नेपियरकडे ओढलं जातं. नेपियरवर अंडी घातली की अळ्या गवताच्या चिकट पाझरात अडकून मरतात. अण्णांच्या गोठ्यामागे नेपियरचाच पट्टा आहे, म्हशींसाठी. हे सांगितल्यावर ते त्या पट्ट्याकडे वळून बघत राहिले.

आपण पाखरू आफ्रिकेला दिलं, आणि २०१८ साली, बहुधा आफ्रिकेच्याच वाटेनं, दुसरं एक पाखरू आपल्याकडे आलं. हे मूळ अमेरिकेचं. २०१६ साली पश्चिम आफ्रिकेत त्याची नोंद झाली. मे २०१८ मध्ये शिवमोग्याच्या कृषी विद्यापीठात शरणबसप्पा आणि कल्लेश्वरस्वामी यांना ते मक्यावर सापडलं. त्यांनी नराची जननेंद्रियं तपासली, डीएनएचा तुकडा ताडून पाहिला आणि मग जाहीर केलं: स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. त्याच वर्षी महाराष्ट्रात अंकुश चोरमुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसावर त्याची नोंद केली. ऊस होता सांगली जिल्ह्यातल्या या घोगावचा. म्हणून मी इथे आलो होतो.

या पाखराचं पहिलं वर्णन १७९७ सालचं. जॉन अ‍ॅबट नावाचा लंडनचा चित्रकार अमेरिकेत जॉर्जियात राहायला गेला होता. तो अळी, कोष आणि पाखरू हे तिन्ही त्यांच्या झाडासकट एकाच पानावर रंगवायचा आणि सवयी लिहून ठेवायचा. लिनियसचा सगळा संग्रह विकत घेणाऱ्या जेम्स एडवर्ड स्मिथनं ती चित्रं वर्णनांसह ग्रंथरूपानं छापली. फ्रुजिपर्डा म्हणजे पीक नासवणारी. स्विन्होच्या ओळींत नसलेली गोष्ट अ‍ॅबटच्या पानावर होती, अळी आणि पाखरू एकत्र. मला विचाराल तर पतंगाचं वर्णन असंच असावं. अण्णांसारखा माणूस अळी ओळखतो आणि पाखरू ओळखत नाही, ही तूट त्या चित्रकारानं सव्वादोनशे वर्षांपूर्वी भरून काढली होती.

मराठीत नावाची अडचण लगेच आली. लष्करी अळी हे नाव ज्वारीवरच्या एका जुन्या देशी अळीला आधीपासून होतं. मग हिच्यापुढे ‘अमेरिकन’ लागलं. नियम न वाचताही लोकांनी तोच न्याय लावला: नाव आधीच्याचं, नव्यानं विशेषण घेऊन यावं.

अण्णांना ते दिवस आठवतात. "पोंग्यात भुसा दिसला, आम्ही म्हटलं खोडकीडच. कार्डं लावली. कशाचा फरक पडतोय!" पडणार कसा? या पाखराच्या अंड्यांचा पुंजका थरावर थर असतो आणि वर मादीच्या अंगावरच्या करड्या खवल्यांची पांघरूण घातल्यासारखी गादी. ट्रायकोग्रामाला ती भेदणं जड जातं. मग अण्णांनी कामगंध सापळे टांगले. एका दुकानदारानं दिलेली गोळी निघाली हरभऱ्यावरच्या घाटेअळीची. आठ दिवस सापळा रिकामा, म्हणून अण्णांना वाटलं कीड गेली. मादी नराला बोलावते तो वासही जातीजातीचा निराळा असतो. कामगंध गोळीवर नाव चुकलं तर नर शेजारून उडत जाईल, आत येणार नाही. त्या आठ दिवसांत मक्याचे पोंगे चाळणीसारखे झाले. "डोस्क्यावर उलटा वाय, बुडाशी चार ठिपके चौकोनात," नातू घडाघडा म्हणाला. आता गावातल्या शाळकरी पोरांनाही ही खूण तोंडपाठ आहे. ती माहिती पोचायला मात्र एक हंगाम गेला.

रात्री दोनच्या सुमारास आम्ही बल्ब विझवला. सकाळी चहा झाल्यावर अण्णा मला वरच्या माळाच्या तुकड्यात घेऊन गेले. तिथे वैरणीची ज्वारी काढून झाली होती आणि घरच्या वहिनी धसकटं वेचून ढीग करत होत्या. पूर्वीपासूनची रीत, नांगरटीआधी धसकटं वेचून जाळायची. त्यात दडलेली कीड जळते, हे कुठल्याही पुस्तकाआधी बायकांना ठाऊक होतं.

अण्णांनी ढिगातली दोन-चार धसकटं विळ्यानं चिरली. एकात ठिपक्यांची अळी सुस्त पडलेली. दुसऱ्यात अळीचं नुसतं वाळकं कातडं, आणि त्याला चिकटून कापसाच्या बोंडातून सांडल्यासारखे पांढरे इवले कोष, तांदळाच्या कणीएवढे, वीस-पंचवीस. मी भिंग लावलं. काही कोषांना टोकाला गोल झाकण उघडलेलं होतं. एकावर काळी बारीक माशी बसली होती, पाय पिवळे.

"हीच का ती?" अण्णांनी विचारलं. "केनियाला धाडलेली?"

"रंगरूपावरून तीच वाटते. पाठवलेली रावळपिंडीकडची होती. पण ती आपल्याकडचीही आहे."

त्यांनी ते धसकट दोन्ही हातांनी जपून धरलं आणि वहिनींना हाक मारली, "अगं, आगपेटी राहू दे जरा." मग तिघंही ढिगाशी उकिडवे बसले. पांढरे कोष दिसतील ती धसकटं बांधावर करंजाच्या सावलीला ठेवायची, बाकीची जाळायची, असं नातवानं ठरवलं. दहा वाजेपर्यंत बांधावर सात जमली होती.